पेव आणि बटाट्याचा खड्डा

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की आपण म्हणतो, 'पेव फुटलं'. शिकवणीच्या वर्गांचं पेव फुटतं, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं पेव फुटतं. पण प्रत्यक्ष पेव पाहिलेलं मूल आज वर्गात क्वचितच सापडेल. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. तोंड अरुंद आणि पोट मोठं. दख्खनच्या पठारावर जिथे जमीन कोरडी आणि टणक आहे, तिथे अशा पेवांत ज्वारी साठवत आणि तोंड दगडमातीनं घट्ट बंद करत. आतल्या किड्यांच्या आणि थोड्याफार धान्याच्याही श्वसनामुळे पेवातला ऑक्सिजन हळूहळू संपत जाई, कार्बन डायऑक्साइड वाढत जाई आणि किडे गुदमरून मरत. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, हा नियम होता. चांगल्या पेवात ज्वारी एक नव्हे तर काही वर्षं टिकत असे.

आता समजा, याच पेवात आम्ही ज्वारीऐवजी बटाटे किंवा गाजरं भरली आणि तोंड असंच बंद केलं तर? काही आठवड्यांतच नाक धरून पळावं लागेल. आणि तरीही युरोपातल्या थंड देशांत शेकडो वर्षं लोक घरच्या बागेतली कंदमुळं जमिनीतल्या खड्ड्यांत आणि तळघरांत ठेवून हिवाळा काढत आले. खड्डा इथेही होता आणि तिथेही होता, पण दोन्हींचे नियम अगदी उलटे होते. ते उलटे का, हे समजून घेतलं तर वनस्पतिशास्त्राचा एक धडा हाती लागतोच, शिवाय एका भयंकर दुष्काळाचा अर्थही थोडा अधिक उलगडतो.

जिवंत कोठार

गाजर, बीट, सलगम या द्विवर्षायू वनस्पती आहेत. पहिल्या वर्षी पानं अन्न तयार करतात आणि ते मुळात साठत जातं. मग हिवाळा येतो, पानं वाळतात, मूळ जमिनीत झोपून राहतं. दुसऱ्या वर्षी वसंतात त्याच शिदोरीवर फुलोरा येतो, बी धरतं आणि झाड मरतं. बटाटा हे मूळ नसून खोड आहे, हे आपण मुलांना शिकवतोच. पण साठवणीच्या दृष्टीनं त्याची कथा वेगळी नाही. त्याच्या प्रत्येक डोळ्यात पुढच्या वर्षीचं झाड वाट पाहत असतं.

म्हणजे हिवाळ्यासाठी साठवण करण्याची कल्पना मुळात माणसाची नाहीच, ती वनस्पतीची आहे. माणूस फक्त ते कोठार मध्येच उचलतो आणि आपल्या घरी नेऊन ठेवतो. पण हे कोठार जिवंत आहे. वाळलेल्या ज्वारीच्या दाण्यात शंभरात दहा-बारा भाग पाणी असतं. त्याचं जीवन जवळजवळ थांबलेलं असतं. बटाट्यात शंभरात सुमारे ऐंशी भाग पाणी असतं, गाजरात त्याहूनही जास्त. त्यांच्या पेशींचं काम चालू असतं. त्या ऑक्सिजन घेतात, साठवलेली साखर जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. हवा बंद केली तर दाण्याचं काही बिघडत नाही, त्याच्या शत्रूंचं बिघडतं. कंदाची हवा बंद केली तर कंदच गुदमरतो, त्याच्या पेशी मरतात आणि मेलेल्या ओल्या पेशींवर जीवाणू तुटून पडतात.

म्हणून पेवाचा नियम 'हवा बंद', तर कंदाच्या खड्ड्याचा नियम 'हवा चालू'.

अनुभवातून आलेले नियम

इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, पोलंड अशा देशांत घरोघरी चालत आलेले काढणीचे आणि साठवणीचे नियम आम्ही पाहतो तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. श्वसन, पेशी, बुरशी या शब्दांचा गंधही नसलेल्या माणसांनी ते बसवले होते, पण प्रत्येक नियमाला आज आपल्याला कारण सांगता येतं.

बटाट्याचा पाला वाळल्यावरही काही दिवस थांबून मग खणायचं. कारण तेवढ्या काळात साल पक्की होते आणि बोटानं घासली तरी निघत नाही. कोरड्या दिवशी काढायचं, माती झटकायची, पण धुवायचं नाही. कुदळ लागलेला, खरचटलेला कंद बाजूला काढून आधी खायचा. उरलेले दहा-पंधरा दिवस थोड्या उबदार जागी ठेवायचे. या काळात बारीक जखमांवर बुचासारखा थर तयार होतो. गाजराची पानं काढून टाकायची, नाहीतर मुळातलं पाणी पानांवाटे उडून जातं. बिटाची पानं मात्र सुरीनं कापायची नाहीत, पिळून तोडायची; कापली तर लाल रस गळत राहतो. पार्सनिप नावाचं पांढऱ्या गाजरासारखं मूळ तर थंडीचा कडाका पडेपर्यंत जमिनीतच राहू द्यायचं, कारण थंडीनं त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ते गोड लागतं.

मग साठवण. गाजरं आणि बिटं पेटीत ओलसर वाळूचे थर देऊन एकमेकांना न लागतील अशी रचायची. वाळूमुळे ती सुकत नाहीत, एक सडलं तर शेजारचं वाचतं आणि कणांमधल्या फटींतून हवाही मिळत राहते. बटाट्यांसाठी शेतातच उंचवट्यावर गवताच्या काड्या पसरून त्यावर लांबट ढीग रचायचा, वर काड्यांचा जाड थर आणि त्यावर माती. भोवती पाण्यासाठी चर. माती मात्र लगेच घालायची नाही. ताज्या कंदांचं श्वसन जोरात असतं, ती ऊब आणि वाफ आधी निघून जायला हवी. आणि ढिगाच्या माथ्यावर काड्यांचे झुबके उभे करून ठेवायचे. ते म्हणजे ढिगाचं नाक!

तापमानाचा मार्ग अरुंद होता. शून्याच्या खाली गेलं तर कंद गोठणार. फार वर गेलं तर कोंब फुटणार. बटाटा चार अंशांच्या खाली बराच काळ राहिला तर त्यातही साखर साठते आणि तो गोडसर लागतो. उजेडात राहिला तर हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिनसारखे विषारी पदार्थ वाढतात. जमिनीच्या पोटात अंधार असतो, ओल असते आणि बाहेरच्या चढउतारांपेक्षा तापमान बरंच स्थिर असतं. फ्रिज नसलेल्या काळात याहून चांगली जागा मिळणं अवघड होतं.

मात्र कितीही काळजी घेतली तरी एक मर्यादा उरतेच. साठवलेला कंद जिवंत आहे, आणि जिवंत आहे म्हणून तो कायमचा झोपणार नाही. वसंत आला की कोंब फुटतात, कंद सुरकुततो आणि उन्हाळ्यापर्यंत संपतो. या वर्षीची ज्वारी तीन वर्षांनी खाता येते. या वर्षीचा बटाटा पुढच्या वर्षाच्या पिकापर्यंत कसाबसा पोचतो, पलीकडे नाही. ही गोष्ट लक्षात ठेवून आता आपण बटाट्याच्या माहेरी जाऊ.

थंडीलाच कामाला लावणारे लोक

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात काही हजार वर्षांपूर्वी बटाटा माणसाळला. हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. जून-जुलै हा तिथला हिवाळा आणि कोरडा ऋतू. रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि दिवसा निरभ्र आकाशातून कडक ऊन पडतं.

तिथल्या शेतकऱ्यांनी या हवेचा उपयोग करून घेतला. बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे. पाणी गोठून त्याचे स्फटिक होतात आणि पेशींची आवरणं फुटतात. सकाळी उन्हात बटाटे वितळले की पायांनी तुडवायचे, पाणी बाहेर पडतं. काही दिवस हे चक्र चालवायचं आणि मग पूर्ण वाळवायचं. हाती येतो तो हलका, खडखडीत 'चुन्यो'. एक पांढरा प्रकारही असतो. त्यासाठी गोठलेले बटाटे काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात. फार उंचावर, दहिवरात तग धरणाऱ्या बटाट्यांच्या जाती कडू असतात. तुडवताना आणि भिजवताना त्यांच्यातली कडू, विषारी द्रव्यंही बरीचशी निघून जातात.

चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे त्या लोकांनी बटाट्याची ज्वारी केली, असं म्हणायला हरकत नाही. युरोपात कंद जिवंत ठेवून टिकवत, अँडीजमध्ये तो मारून आणि वाळवून टिकवला. इंका राज्यकर्त्यांनी डोंगरउतारांवर, वारा लागेल अशा जागी, कोठारांच्या रांगाच्या रांगा बांधल्या होत्या. पेरूमधल्या वानुको पाम्पा या एका ठिकाणी सुमारे पाचशे कोठारांचे अवशेष आहेत. १५५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सिएझा द लिऑन या स्पॅनिश लेखकानं चुन्योची नोंद केली आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींवर तो विकून काही स्पॅनिश लोक श्रीमंत झाल्याचंही सांगितलं.

स्पॅनिश जहाजांतून बटाटा सोळाव्या शतकात युरोपात गेला. चुन्यो मात्र गेला नाही. गेला असता तरी रुजला नसता. त्याला लागणारी गोठवणारी रात्र आणि लगेच येणारा कोरडा, लख्ख दिवस पश्चिम युरोपच्या दमट हवेत कुठून आणणार? पीक समुद्र ओलांडून गेलं, पण ते वर्षांच्या पलीकडे नेणारी साठवण मागेच राहिली.

१८४५ चा खड्डा

आयर्लंडमध्ये बटाटा फारच मानवला. तिथली चांगली जमीन बहुतांशी जमीनदारांची होती, तिच्यावर धान्य पिके आणि गुरं पोसली जात. खंडानं वा मजुरीच्या मोबदल्यात मिळालेल्या लहानशा तुकड्यावर कुटुंब जगवायचं तर बटाट्यासारखं दुसरं पीक नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुमारे तीस लाख माणसं जवळजवळ बटाट्यावरच जगत होती. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. हलक्या जमिनीतही भरघोस येणारी 'लम्पर' ही जात सर्वत्र पसरली होती. बटाट्याची लागवड कंदाच्या फोडींनी होते, त्यामुळे शेतोशेतीची ही झाडं आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकच होती.

झोपडीजवळच्या खड्ड्यातले बटाटे हिवाळाभर पुरत. पण उन्हाळ्यात जुने संपायचे आणि नवे यायला वेळ असायचा. ते दोन-तीन महिने दरवर्षीच उपासमारीचे. उधारीवर ओटचं पीठ आणून दिवस काढायचे. साठवणीची मर्यादा अशी दरवर्षी दार ठोठावत होती.

१८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये बटाट्याची पानं काळी पडू लागली, आणि सप्टेंबरपर्यंत हा रोग आयर्लंडमध्ये पोचला. त्याला आपण करपा म्हणतो. शेतकऱ्यांनी जे कंद वरून निरोगी दिसले ते काढून नेहमीप्रमाणे खड्ड्यांत भरले. काही दिवसांनी खड्डे उघडले तेव्हा आत दुर्गंधी येणारा काळा चिखल होता.

ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी तीन शास्त्रज्ञांना चौकशीला नेमलं: रसायनतज्ज्ञ लायन प्लेफेअर, वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली आणि आयर्लंडचेच रसायनतज्ज्ञ रॉबर्ट केन. जास्त ओल हेच सडण्याचं कारण, असा त्यांचा समज होता. म्हणून त्यांनी कोरडे, हवेशीर खड्डे कसे करावेत याच्या सूचना दिल्या, आणि सडू लागलेले बटाटे किसून, धुऊन त्यांचं स्टार्च काढून ठेवावं असंही सुचवलं. सल्ला देणारे अडाणी नव्हते. निरोगी कंदासाठी हवेशीर खड्डा हा उत्तमच उपाय. पण हे कंद खड्ड्यात जाण्याआधीच रोगट होते. पानांवरचे बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर मातीत उतरून कंदापर्यंत पोचले होते. खड्ड्यात ते वाढले आणि त्यांच्यामागून आलेल्या जीवाणूंनी शेजारचे कंदही सडवले. दोष खड्ड्यात नव्हता, पण सगळ्यांचं लक्ष खड्ड्याकडे होतं.

माइल्स बर्कले या इंग्रज पाद्र्यानं १८४६ साली मांडलं की पानांवर दिसणारी बुरशी हा सडण्याचा परिणाम नसून तेच कारण आहे. फार थोड्यांना ते पटलं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आन्टॉन द बारी यांनी १८६१ साली प्रयोगांनी ते दाखवून दिलं आणि १८७६ साली या जीवाला 'फायटोफ्थोरा' हे नाव दिलं. त्याचा अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा'. आज आपण याला खरी बुरशी मानत नाही. तो शैवालांना जवळचा, बुरशीसारखा दिसणारा सूक्ष्मजीव आहे.

१८४५ साली पिकाचा मोठा हिस्सा गेला, १८४६ साली जवळजवळ सगळंच पीक गेलं. इथे जिवंत कोठाराची दुसरी बाजू दिसते. बटाटा हे अन्नही असतं आणि बियाणंही. भुकेल्या घरांनी लागवडीसाठी ठेवलेले कंद खाल्ले. १८४७ साली रोगाचा जोर कमी होता, पण लावायला बेणंच उरलं नव्हतं. मागच्या चांगल्या वर्षांतला एकही बटाटा कुणाच्या खड्ड्यात असणं शक्य नव्हतं.

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ साली ती सुमारे ६५ लाख ५२ हजार उरली. दहा लाखांच्या आसपास माणसं भूक आणि तापाच्या साथींनी मेली, तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली.

इथे आम्हाला सावध राहायला हवं. 'साठवण टिकाऊ नव्हती म्हणून दुष्काळ पडला' असं म्हणणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि गुरं बाहेर विकली जात होती. खंड थकला म्हणून कुटुंबांना घराबाहेर काढलं जात होतं. सरकारी मदत अपुरी होती आणि बाजारात ढवळाढवळ नको या धोरणानं जखडलेली होती. करप्यानं बटाटा मारला. माणसं मरण्यामागे जमीन कुणाची आणि धान्य कुणाचं हे प्रश्न होते. पण ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही अशा माणसाला एका जातीच्या, एक वर्षही न टिकणाऱ्या पिकावर उभं केलं, की एका रोगाला किती थोडं करावं लागतं, हे या खड्ड्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे शत्रू थंडी नव्हे

'बटाटा' हा आपला शब्द पोर्तुगीजांनी आणला. मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा आणि रताळ्यासाठीचा! पीक आपल्याकडे आलं तेव्हा साठवणीचा प्रश्न उलटा झाला. उत्तर भारताच्या मैदानात बटाटा थंडीत वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. म्हणजे तो हिवाळ्यासाठी नव्हे, उन्हाळ्यासाठी ठेवायचा.

पुणे जिल्ह्यातल्या बटाटा उत्पादकांनी यावर 'अरण' हा उपाय काढला. झाडाच्या दाट सावलीत बटाट्यांचा ढीग आणि त्यावर पाला, गवत यांचं जाड आच्छादन. तत्त्व युरोपातल्या ढिगाचंच: अंधार, ओलावा आणि हवा, फक्त आच्छादन थंडी अडवण्याऐवजी ऊन अडवतं. अरणात बटाटा दोन-तीन महिने निघतो. इथे आणखी एक शत्रू आहे, बटाट्यावरचा पतंग. त्याच्या अळ्या साठवलेले कंद पोखरतात. हा पतंग १९०६ च्या सुमारास इटलीहून आणलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात आला. कंद जिवंत प्रवास करतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे रोग आणि किडीही जिवंत प्रवास करतात. आयर्लंडचा करपाही असाच अमेरिका खंडातून आला होता.

आज बहुतेक बटाटा शीतगृहांत जातो. तिथली थंडी यंत्राची, पण नियम तेच. फार थंड ठेवला तर गोड होतो, गरम ठेवला तर कोंबतो, वीज जाऊन हवा कोंडली तर सडतो. आणि शीतगृहही त्याला पुढच्या पिकापर्यंतच नेतं.

वर्गात करून पाहा

हे सगळं मुलांना सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं आहे. सारख्या आकाराची ताजी गाजरं घ्या. एक उघड्यावर ठेवा, एक ओलसर वाळूत पुरा, एक ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. दर दोन दिवसांनी पुसून वजन करा आणि फळ्यावर तक्ता लिहा. कुठल्या गाजराचं वजन घटतं, कुठलं बुळबुळीत होतं, कुठल्याला पालवी फुटते? कारणं मुलांनाच शोधू द्या.

दुसरा प्रयोग चुन्योचा. बटाट्याच्या दोन सारख्या फोडी घ्या. एक रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी ती वितळू द्या आणि दोन्ही फोडी मुठीत दाबा. एकीतून पाणी ठिबकेल, दुसरी कडकच राहील. पेशीचं आवरण फुटणं म्हणजे काय, हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्या मुठीला जास्त नीट कळेल. (ही फोड खायची नाही, एवढं सांगायला विसरू नका.)

आणि शक्य झालं तर मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा: तुमच्या लहानपणी घरात काय साठवत, कशात साठवत आणि ते किती दिवस टिके? कणगी, पेव, अरण, कांद्याची चाळ, सांडगे, कुरडया अशी यादी जमेल. मग त्या यादीचे दोन भाग करा. कोणती साठवण वस्तू जिवंत ठेवून केलेली, आणि कोणती वाळवून? आणि शेवटी एक प्रश्न विचारा: यंदाचं पीक गेलं, तर यांतलं काय पुढच्या वर्षीही घरात असेल?